अस्तराचा भाव

विणकामाचं कुठलंही पुस्तक उघडा. टाके कसे घालायचे, फुलं कशी काढायची, याची पानंच्या पानं असतात. अस्तराला जागा एखाद्या ओळीची. हवं तर लावा, नको तर राहू द्या, अशा थाटाची. मी त्या एका ओळीबद्दल लिहायला बसले आहे. कारण त्या ओळीत माझ्या मायचे बहात्तर दिवस बुडाले.

आम्ही बुलडाणा जिल्ह्यातले, नांदुरा तालुक्यातले. घाटाखालचे. जमीन काळी, कसदार, पण दुसऱ्याची. आमच्या पुऱ्यातल्या बाया कापूस वेचायला जायच्या. या कापसानं आमच्या भागाला नाव दिलं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर आली. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत जेमतेम तेरा किलोमीटरचा रेल्वेचा फाटा झाला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उद्घाटनाला आला. माणसांची एवढी काळजी कोणाला नव्हती. गाठी बंदरापर्यंत पोचायला हव्या होत्या. गाठी पोचल्या. वेचणारीचं लुगडं ठिगळाचं होतं, ते ठिगळाचंच राहिलं.

माय वेचणीला जाताना कमरेला जुनं लुगडं बांधायची. त्याची झोळी करायची. दुपारपर्यंत झोळी पोटापुढं अशी फुगायची की चालताना पाय दिसत नसत. मी लहान असताना तिची झोळी बांधू पाहायची, तेव्हा ती म्हणायची, “उरेब नको बांधू पोरी. उरेब कापड लोंबते. उभ्या धाग्यानं बांध, तो भार धरते.” कापडाचा उभा धागा आणि आडवा धागा, आणि तिरपं ओढलं की कापड कसं सैल होतं, हे तिला कुठल्या शिवणवर्गात कळलं नाही. कमरेवरच्या वजनानं शिकवलं.

१९८५च्या सुमाराला गावात तीन महिन्यांचा शिवण-विणकामाचा वर्ग निघाला. दुपारच्या वेळी. माय मजुरी बुडवून कधी जायची, कधी नाही. अक्षर येत नव्हतं, पण बोटं हुशार. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब, सगळं आठ दिवसांत उचललं. त्यात मुका खांब तिला फार आवडे. बुटका टाका तो. दाट बसतो, नक्षी काही दिसत नाही. माय म्हणायची, “मुका हाय, पन मजबूत तोच हाय.”

वर्ग संपला. तालुक्याच्या गावातला एक दुकानदार दोरा द्यायला लागला. आमच्या पुऱ्यातल्या सात बाया त्याच्यासाठी क्रोशाच्या पिशव्या करायला लागल्या. दोरा त्याचा, बोटं आमची. एका पिशवीला चार रुपये. पिशव्या पुढं कुठल्या तरी मोठ्या शहरात जायच्या. कुठं, किती भावानं, हे त्यानं कधी सांगितलं नाही. आम्हीही तेव्हा विचारलं नाही.

सहा महिन्यांनी पिशव्या परत आल्या. बुडाला लोंबलेल्या. विणलेल्या पिशवीचा स्वभावच तो. वीण म्हणजे गाठींचं जाळं. प्रत्येक टाका थोडा ताणतो, आणि हजार टाके थोडे थोडे ताणले की पिशवी गुडघ्यापर्यंत येते. सुट्टे पैसे भोकातून पडतात. पेन्सिलीचं टोक बाहेर येतं. बांगडी अडकली तर सर्रकन दोरा निघतो. दुकानदार म्हणाला, आतून अस्तर लावून द्या. कापड मी देतो. भाव तोच.

भाव तोच. हे दोन शब्द त्यानं किती सहज म्हटले! आणि बायांनीही माना हलवल्या. अस्तर म्हणजे काय, आतलं कापड. चार टाके घातले की झालं. असंच सगळ्यांना वाटलं.

आता ते चार टाके काय असतात ते सांगते. शिवणारीला यातलं काही नवं नाही. न शिवणाऱ्यासाठी सांगते.

पिशवी विणून झाली की ती जमिनीवर सपाट पसरायची. ओढायची नाही. रात्रभर तशीच राहू द्यायची, म्हणजे वीण आपल्या जागी बसते. दुकानदार द्यायचा तो मांजरपाट खळ घातलेला असे. तो रात्रभर पाण्यात भिजवायचा, उन्हात वाळवायचा, तांब्यात निखारे घालून त्याची घडी मोडायची. हे केलं नाही तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि पिशवीला सुरकुत्या पडतात. रंगीत कापड असलं तर एक तुकडा आधी पांढऱ्या फडक्याबरोबर भिजवून पाहायचा. रंग सोडणारं कापड आत गेलं तर वरची नक्षी नासते.

मग पिशवी वर्तमानपत्रावर ठेवून कडेनं रेघ मारायची. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच दुमडीसाठी सोडायचा. खोलीला मात्र उलटा हिशेब. तयार अस्तर पिशवीपेक्षा अर्धा इंच आखूडच भरलं पाहिजे. ते पिशवीपेक्षा लांब झालं तर भार पुन्हा विणीवरच येतो, मग अस्तर असून नसल्यासारखं. आखूड असलं की सामान अस्तराच्या बुडावर टेकतं आणि वीण नुसती भोवती उभी राहते. कापड उभ्या धाग्यानं कापायचं. बुडाला शिवण ठेवायची नाही, एकच लांब पट्टा मधोमध दुमडायचा. आत कप्पा हवा असेल तर कडा शिवण्याआधीच लावून घ्यायचा. कडांना उलटा टाका, दोरा दुहेरी, मेणबत्तीवरून ओढलेला.

अस्तर न उलटवता पिशवीत सोडायचं, म्हणजे शिवणीचे काट वीण आणि कापड यांच्या मध्ये लपतात. तोंडाशी कापड बाहेरच्या अंगानं दुमडायचं. दोन कडा, पुढची मध्य, मागची मध्य, अशा चार ठिकाणी आधी कच्चा टाका घालायचा. नाही तर शिवत शिवत गेलं की शेवटी एका बाजूला झोळ येतो. मग काठापासून बोटभर खाली हातशिलाई. सुई विणीच्या मागच्या वेढ्यातून काढायची, दोरा चिरायचा नाही. टाक्यांमध्ये ज्वारीच्या दाण्याएवढं अंतर. टाका आवळायचा नाही, कारण वीण हलते आणि कापड हलत नाही. दोघांना एकत्र राहायचं तर थोडी सैल जागा लागते. बुडाचे दोन कोपरे आतून विणीला टाचायचे, म्हणजे सामान काढताना अस्तर जिभेसारखं बाहेर येत नाही. आणि शेवटी बंद. विणलेल्या बंदाच्या आतून कापडी पट्टी घालायची आणि तिची टोकं विणीला न शिवता अस्तराला शिवायची. खांद्यावरचं वजन बंदातून अस्तरात जातं, अस्तरातून बुडाला.

हे सगळं दोन तासांचं काम. दिवसभर वेचणी, संध्याकाळी चूल, आणि मग चिमणीच्या उजेडात हे दोन तास.

एकदा दुकानदाराकडून कापड आलं नाही. गावातल्या एका मोठ्या घरच्या बाईच्या कानावर ते गेलं. तिनं मायला बोलावलं आणि जुन्या पातळांचं गाठोडं पुढं टाकलं. म्हणाली, “घे व. अस्तरच तं हाय. आत कोन पाह्यते?” तिच्या मनात वाईट काही नसेलही. पातळं चांगली होती. मायनं गाठोड्याला हात लावला नाही. “राहू द्या माय, तुमालेच पोतेऱ्याला कामी येतीन,” म्हणाली आणि घरी आली.

बाकीच्या बायांना राग आला. फुकटचं कापड सोडलं म्हणून. तेव्हा मायनं सांगितलं, तिच्या आजेसासूच्या वेळेपर्यंत मढ्यावरचं कापड महारांनी न्यायचं, अशी रीत होती. हक्क म्हणायचे त्याला. काय हक्क! मेलेल्याच्या अंगावरचं काढायचं आणि जित्याच्या अंगावर घालायचं. ज्यांना हे कापड दिलं जायचं, त्यातले नागपूर-भंडाऱ्याकडचे कित्येक स्वतः मागावर बसून जाडंभरडं कापड विणत होते. दुसऱ्यासाठी कोरं विणायचं आणि आपण उतरलेलं नेसायचं. १९२७च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब बायांशी बोलले तेव्हा लुगडं कसं नेसावं हेही त्यांनी सांगितलं. जात ओळखू येईल असं नेसू नका म्हणाले. शिकलेल्या माणसांना वाटेल, एवढा मोठा माणूस लुगड्याच्या लांबीबद्दल काय बोलतो. आमच्या बायांना ते लगेच कळलं. कापडावर काय लिहिलेलं असतं ते कापड नेसणारीला वाचता येतं.

माय म्हणाली, “वरून दिसत नाही म्हनून उतरलेलं लावाचं? मले मालूम राह्यते न आत काय हाय ते.” तिनं बाजारातून नवा मांजरपाट आणला. स्वतःच्या पैशानं. मीटरभर कापड घेताना दुकानात ती ते बोटात चोळून पाहत होती. वेचलेला कापूस कुठून कुठं जाऊन, किती हातांतून पैसे देत देत तिच्याच हातात परत आला होता.

१९८८ साली मी सातवीत होते. मायनं मला सांगितलं, वहीत मांड. काय मांडू? “अस्तराचे तास मांड. विनकामाचे नोको. फक्त अस्तराचे.” घरात घड्याळ नव्हतं. शेजारच्या मावशीकडे रेडिओ होता, त्यावरून वेळ घ्यायचे. महिनाभर मांडलं. मायनं त्या महिन्यात अकरा पिशव्या केल्या. अस्तराचे तास चोवीस झाले. आठ तासांचा दिवस धरला तर तीन दिवस. दोन वर्षं अस्तर लावत होती. म्हणजे बहात्तर दिवस. सात बायांचा गुणाकार मी चुलीपुढं बसून केला. पाचशे चार दिवस. मायला आकडा वाचून दाखवला. तिनं पुन्हा वाचायला लावला.

पुढच्या खेपेला सातही बाया गेल्या. मी वही घेऊन मागं. दुकानदार आधी हसला. म्हणाला, “बाई, तुम्ही घरी बसल्या बसल्याच तर करता. रिकामा वेळ असतो म्हणून करता. त्याचे कसले वेगळे पैसे?”

माय म्हणाली, “शेटजी, माहा वेळ रिकामा कवा असते ते मले तरी सांगा.”

तो म्हणाला, “गिऱ्हाईक वरचं काम पाहून पैसे देतं. आत कोण पाहतं?”

तोच प्रश्न. मोठ्या घरच्या बाईचा आणि दुकानदाराचा. मायनं थैलीतून दोन पिशव्या काढल्या. एक अस्तराची, एक बिनअस्तराची. तराजूजवळचं पाच किलोचं वजन उचलून बिनअस्तराच्या पिशवीत टाकलं आणि पिशवी धरली. ती लांबत लांबत गेली. मग तेच वजन दुसरीत टाकलं. पिशवी जागची हलली नाही. माय काही बोलली नाही. अस्तराची पिशवी उलटी करून गल्ल्यावर ठेवली, टाके वर करून. “हे पाह्यत नाई न कोनी? मंग उद्यापासून अस्तराबिगर घ्या.”

त्यानं विचार करतो म्हणून सांगितलं. विचार केला तो असा की, दोरा दुसऱ्या गावाला द्यायला लागला.

दोन महिने काम नव्हतं. मग सातातल्या दोघी जुन्याच भावानं पुन्हा त्याच्याकडे गेल्या. त्यांना मी नावं ठेवत नाही. एकीचा नवरा खाटेवर होता, दुसरीची तीन लेकरं. भुकेल्या घराला एकजूट शिकवणं सोपं असतं. शिकवणारा जेवून आलेला असतो. पण मायही गेली नाही. ती आठवडी बाजारात बसायला लागली. चार पिशव्या पुढं मांडायची, एक उलटी करून. लोक विचारायचे, बाई, ही उलटी का ठेवली? ती म्हणायची, “तीच पाहा.” कधी एक खपायची, कधी एकही नाही. वेचणी सुटली नाही.

पुढं मी शिकले. वाचायला लागले तेव्हा मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंचं पुस्तक हाती आलं. नरसापूरच्या लेसवाल्या बायांवरचं, १९८२ साली निघालेलं. आंध्रात गोदावरीच्या मुखाकडचा तो भाग. एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायांनी तिथल्या गरीब, धर्मांतरित बायांना क्रोशा शिकवला. त्यांत माला आणि मादिगा जातींतून आलेल्या बाया होत्या. म्हणजे आपल्याच. पुढं इतर जातींतल्या हजारो बायाही त्यात आल्या. लेस परदेशात जाऊ लागली, व्यापारी गबर झाले. आणि विणणारी? तिला कामगार म्हणतच नव्हते. ती घरधनीण. दिवसाचे सहा-सात-आठ तास ती विणायची आणि त्याला नाव होतं रिकाम्या वेळातलं काम. शेतमजुरीच्या बाईपेक्षाही तिच्या हातात कमी पडायचं.

मी ते पान दोनदा वाचलं. नरसापूर कुठं, नांदुरा कुठं. आमच्या दुकानदारानं ते पुस्तक खचितच वाचलं नव्हतं. तरी शब्द तोच, रिकामा वेळ. मग कळलं की हा एका माणसाच्या तोंडचा शब्द नाही. हा धंद्याचा शब्द आहे. घरात केलेलं काम दिसत नाही, म्हणून त्याचा भाव नाही. त्यातही आतल्या बाजूला केलेलं काम तर अजिबात दिसत नाही. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरी बसून काम करणाऱ्यांसाठी ठराव केला, १७७ क्रमांकाचा. घरातलं काम हेही कामच, इतर कामगारांसारखी त्यालाही वागणूक द्या, असं त्यात आहे. जग तिथपर्यंत यायला विसाव्या शतकाची चार वर्षं उरली होती. मायनं वजन पिशवीत टाकलं ते त्याच्या आठ वर्षं आधी.

आमच्याच जिल्ह्यात देऊळगाव राजा तालुक्यात मेहुणा राजा आहे. चोखोबांचं जन्मगाव मानतात. बाहेरच्या रूपावर जाऊ नका, आत पाहा, असं सांगणारा माणूस. त्याचे अभंग सगळ्यांच्या तोंडी, आणि त्याची जागा देवळाबाहेर पायरीशी. आत कोण पाहतं, हा प्रश्न आमच्याकडे असा जुना आहे.

२३ मार्च २०१८ला महाराष्ट्र सरकारनं प्लास्टिक पिशव्यांवर बंदीची अधिसूचना काढली. एकाएकी सगळ्यांना कापडी पिशवी आठवली. आमच्या बचत गटाकडेही मागणी आली. विणलेल्या हव्यात, दिसायला छान हव्यात, आणि भाजी मावली पाहिजे. भाजी! म्हणजे अस्तर आलंच. हिशेबाचा कागद तयार झाला. दोरा, कापड, विणकाम, गाडीभाडं. मी त्यात एक रकाना वाढवला: अस्तर. गटातल्या एका सूनबाईनं विचारलं, “ताई, कापड तर आधीच लिहिलंय न?” मी म्हटलं, कापड लिहिलं, लावणारी कुठं लिहिली? त्यावर दोन बैठका झाल्या. भाव वाढला तर माल अडेल, अशी भीती होती, आणि ती खोटी नव्हती. काही मागण्या खरंच गेल्या. पण रकाना राहिला. आता आमच्या पिशवीच्या चिठ्ठीवर दोन आकडे असतात. विणकामाचा वेगळा, अस्तराचा वेगळा.

प्रदर्शनात बसलं की माणसं कळतात. काही जण वरची नक्षी पाहतात, फोटो काढतात, वाहवा करतात आणि जातात. काहींना दुसरा आकडा खुपतो. “अस्तराचे कशाला हो घेता? ते तर आतच असतं.” मी कात्री काढते. म्हणते, ताई, काढून देते. टाके सैल आहेत, पाच मिनिटांत निघतं. तेवढे पैसे कमी द्या. आजपर्यंत एकीनंही काढू दिलेलं नाही. कोणी पैसे देतं, कोणी पिशवी ठेवून जातं. पण अस्तर नको, असं कोणी म्हणत नाही. अस्तर सगळ्यांना पाहिजे. फक्त फुकट पाहिजे.

त्या वहीचं काय झालं, विचाराल. वाळवी लागली. आकडे पाठ आहेत.

माय आता ऐंशीला टेकली. नजर अधू झाली. सुई मी ओवून देते, टाके तिचे. बोटानं चाचपून अंतर धरते, ज्वारीच्या दाण्याएवढं. मधेच माझ्या हातचं अस्तर ओढून घेते, आत हात घालून बुडापर्यंत नेते आणि म्हणते, “हे लांब झालं. भार विनीवर जाईन. उसव.”

मी उसवते. पुन्हा लावते. आणि तेही तास मांडते.